अंगणातली शाळा आणि दहा हजार विद्यार्थिनी

मुलींना घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "पहिला आठवडा माझ्यावर सोड. पुस्तक नाही, वही नाही, घंटा नाही. निवांतपणा म्हणजे काय ते पोरींना कळू दे!"

मी घरांचे नकाशे काढतो. साहजिकच निवांतपणाचाही नकाशा काढला. नऊ ते सव्वानऊ : अंगणात निवांत बसणे. सव्वानऊ ते साडेनऊ : निवांत सरबत. साडेनऊ ते दहा : मनसोक्त बागडणे (रांगेत). बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिने तो कागदही तसाच डोळ्यांजवळ धरून तपासला.

"अहो, यात श्वास कधी घ्यायचा?"

"मधेमधे," मी म्हणालो.

सोमवारी ती कामावर गेली आणि शाळा भरली. दोरीवर चादरी टाकून मी झकास तंबू ठोकला होता. शेजारी तीन पायांच्या स्टँडवर कोरा करकरीत फळा! नऊ वर्षांची थोरली पालथी पडून मुंग्या बघत होती. पाच वर्षांची धाकटी फळ्याखाली, स्टँडच्या पायांमध्ये बसून, फरशीवर खडूने घोडा काढत होती. घोड्याला आत्तापर्यंत सहा पाय झाले होते. मी सरबताचा जग घेऊन बाहेर आलो आणि घड्याळ बघितलं. नऊ सतरा! दोन मिनिटं उशीर!

तेवढ्यात तो आवाज आला. आधी लांबून ट्रक यावा तसा. मग गावातली सगळी शिवणयंत्रं एकदम सुरू व्हावीत तसा. कुंपणावरून एक तपकिरी ढग आत शिरला आणि आमच्या अंगणावर त्याने सावली धरली.

"मधमाश्या!" मी ओरडलो आणि शूरपणे थेट तंबूत घुसलो. दोरी तुटली, चादरी अंगावर आल्या, सरबताचा जग डोक्यावर उपडा झाला. चादरीतून मुंडकं बाहेर काढतो तो काय, ढग फळ्यावर उतरत होता! एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बिलगत फळ्याच्या खालच्या कडेला त्यांचा एक भलामोठा जिवंत थेंब लोंबायला लागला. आणि त्या थेंबाच्या टोकापासून वीतभर खाली धाकटीची शेंडी होती.

मी चादरींसकट उठायला धडपडलो.

"बाबा, हलू नकोस," थोरली हळूच म्हणाली. "त्या नवं घर शोधायला निघाल्यात. राखायला पोळं नाही, पिल्लं नाहीत. अशा वेळी त्या सहसा चिडत नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"या आठवड्यात पुस्तक बंद होतं ना!" त्याही अवस्थेत मी म्हणालो.

धाकटीने मान वर केली आणि तिचे डोळे बशीएवढे झाले. "बाबा, ह्यांनी एकमेकींचे पाय धरलेत!"

"मागे सरक, बाळा. सावकाश," थोरली म्हणाली. धाकटी बसल्या जागेवरून बोट बोट मागे सरकत आली. "माझ्या घोड्याची शेपटी राहिली," एवढीच तिची तक्रार. मी तिला घट्ट उराशी धरलं. सरबतामुळे ती मला चिकटली. मलाही तिला सोडायचं नव्हतंच.

घरात शिरून आम्ही काचेचं दार लावलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतल्या बाई मधमाश्या पाळतात, हे थोरलीला ठाऊक होतं. तिने त्यांना फोन केला. मी बायकोला केला, कुजबुजत.

"घाबरू नकोस. घरी पाहुण्या आल्यात."

"किती?"

"दहा हजार तरी असतील. जवळजवळ सगळ्या मुलीच."

"अहो, जगाच्या मुली गोळा करायला कुणी सांगितलं होतं? आणि आवाज का चोरताय?"

"राणी ऐकेल."

"कोण राणी?"

"अजून बघितली नाही गं! आत आहे. बाकीच्या तिच्या अंगावर बसल्यात."

फोन कट! बघता बघता बायकोची स्कूटर फाटकात. पांढरा कोट तसाच अंगावर. "कुठाय ती?" तिने विचारलं. मी काचेतून फळ्याकडे बोट दाखवलं, आणि ती चपला न काढताच काचेपाशी गेली.

तोवर रोपवाटिकेच्या बाई लाकडी पेटी घेऊन आल्या. तोंडावर जाळी होती, हात मात्र उघडे! पेटी खाली धरून त्यांनी फळ्यावर एक थाप मारली. अख्खा थेंब दाट पाकासारखा भदकन पेटीत पडला. आम्ही चौघं काचेला नाक लावून उभे. उरलेल्या माश्यांनी अंगण भरून टाकलं. मग काही जणी पेटीच्या दाराशी शेपटं वर करून पंख फडफडवायला लागल्या.

"राणी आत आहे, या, असा वास सोडतायत," बाई बाहेरून म्हणाल्या.

आणि त्या आल्या! हजारो! हवेतून उतरल्या, फरशीवरच्या घोड्याच्या सहाही पायांवरून चालत, शिस्तीत आत निघाल्या. धक्काबुक्की नाही, कुणी ओरडणारं नाही. बायकोने माझा चिकट हात कधी धरला, तिलाही कळलं नाही. रोज सूक्ष्मदर्शकातून बघणारी ही बाई, पण डोळ्यांत पाणी. माझ्याही होतं. मी ते सरबत असल्याचं सांगितलं.

शेवटची माशी आत गेली तेव्हा उन्हं कलली होती. सरबतानंतर दिवसभर एकदाही मी वेळ बघितली नव्हती. बाई पेटी घेऊन गेल्या. अंगण एवढं रिकामं मी कधीच बघितलं नव्हतं.

"बाबा," धाकटीने विचारलं, "उद्या काय येणार?"

"उद्या मातीकाम," मी म्हणालो.

दोघींचे चेहरे असे पडले, की बघवेना. बायको हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी एवढं शिकवायला कुणी सांगितलं होतं? आता भोगा!"

मंगळवारी मी माती मळून ठेवली होती. पण तुम्हाला म्हणून सांगतो, आम्ही तिघंही सकाळभर वरतीच बघत होतो. एक कावळा आला. तोही लगेच गेला.