उजवीकडून चौथी

मोताळ्यात हार्ड डिस्कचा आजार दातांनी ओळखणारा एकच माणूस आहे आणि तो माझा शेजारी आहे. लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू डिस्कवर अलगद टेकवायचं, मूठ दाढांखाली धरायची आणि डोळे मिटायचे, ही युनूसभाईंची तपासणी. उजव्या बाजूच्या दाढा केव्हाच पडल्या, त्यामुळे सगळा दवाखाना डाव्या बाजूवर चालतो. तपासणी सुरू असताना पंखा बंद, मोबाइल बंद आणि माणसंही बंद. एकदा मला शिंक आली, तर त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग पेचकस तोंडातून निघतो आणि त्यामागून निदान निघतं. "ही खोकून राह्यली." नाहीतर, "हिले चक्कर येते." नाहीतर, "हिले काहीच नाही झालं, नुसती गरमी झाली, जरा हवा द्या बिचारीले." हे तुम्हाला कसं कळतं असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "मले काय कळते? थेच सांगून राह्यली ना!"

ही विद्या वडिलांकडून आली. वडील विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि बेअरिंग गेलं की राहिलं हे असंच दाताला पेचकस लावून सांगायचे. मुलानं पुढे कॅमेरा घेतला आणि तीस वर्षं तालुकाभरच्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. इतर शूटिंगवाले कॅसेट देऊन मोकळे होत. युनूसभाई प्रत्येक लग्नाची एक प्रत स्वतःजवळ ठेवत. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. शेवटी युनूसभाईंनी समोरच्या खोलीत सहा डिस्कांची एक पेटी बांधली आणि सगळी लग्नं तिच्यात भरली. जाणकार तिला सर्व्हर म्हणतात. युनूसभाई कोठी म्हणतात. कापसाच्या दिवसांत जिनिंगमधला कापूस उडून आत जाऊ नये म्हणून कोठीच्या पंख्यावर त्यांच्या गेलेल्या बायकोची, शमीमभाभींची, जुनी ओढणी ताणून बांधलेली असते.

मी हे लिहितो आहे त्याला एक कारण आहे आणि ते मला शोभणारं नाही. पण आधी माणूस सांगतो, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

कोठीची गंमत अशी की सहांतली एक डिस्क मेली तरी काही हरवत नाही. बाकीच्या पाच तिचा वाटा सांभाळून घेतात. दुसरी मेली की मात्र घर बसलं. म्हणून युनूसभाईंनी सहा डिस्का सहा ठिकाणांहून आणल्या. एक बुलढाण्याची, एक खामगावची, एक मलकापूरची, एक चिखलीची, एक जळगावची आणि एक थेट अकोल्याची. प्रत्येक वेळी एसटीनं जायचं आणि डिस्क मांडीवर घेऊन यायचं.

"एकाच दुकानातून घेतल्या तर काय बिघडते?" मी विचारलं.

"गुरुजी, सहा सुना एकाच गावच्या आनल्या त सहाच्या सहा एकाच दिवशी माहेरी जातेत. मंग भाकर कोन टाकते?"

डिस्क किती तास चालली हे ती स्वतःच मोजून ठेवते, त्यामुळे युनूसभाईंना वय तासांत विचारायची सवय लागली. डिस्कांचं ठीक आहे, पण ते माणसांनाही सोडत नाहीत. माझ्या चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "साडेसहा लाख तास झाले, गुरुजी. वारंटी त केव्हाचीच गेली. आता आवाज ऐकत राहा."

त्या पेटीपायी त्यांच्या ओट्यावर सदा माणसं. कुणाचा बाप गेला, कुणाची आत्या गेली, की लोक यायचे. एकदा पिंपळगाव राजाहून एक शेतकरी आला. त्याला बहिणीच्या लग्नातला वडिलांचा हसतानाचा चेहरा हवा होता. वडील फोटोत नेहमी रागावलेलेच दिसत म्हणे.

"जेवनाच्या पंगतीत पाहा," युनूसभाई शोधता शोधता म्हणाले. "तुमच्या बापानं व्याह्याच्या ताटात जबरदस्ती चार जिलब्या टाकल्या होत्या. थ्या वक्ताले हसले होते. मीच होतो ना कॅमेऱ्यावर."

आणि खरोखर तिथेच हसले होते. तो माणूस ते तीन वेळा बघून उठायला लागला, तर युनूसभाईंनी खांद्याला धरून बसवला. "चाय घेतल्याबिगर कोनी गेलं आहे का इथून? बसा." एक चहा झाला की दुसरा यायचा, आणि तेवढ्यात त्याच्या गावच्या आणखी तीन लग्नांची चौकशी व्हायची.

गावात कम्प्युटर क्लास चालवणारा वानखडे या पेचकसावर फार हसायचा. एकदा स्वतःची डिस्क घेऊन आला. "चाचा, सॉफ्टवेअर शंभर टक्के चांगली म्हनते हिले. तुमची दाढ काय म्हनते?"

युनूसभाईंनी डोळे मिटले, उघडले. "पंधरा दिवस."

तेराव्या दिवशी वानखडे पडक्या चेहऱ्यानं ओट्यावर आला. युनूसभाई एवढंच म्हणाले, "दोन दिवस कमी भरले बे. उन्हाळा हाये ना."

हा दबदबा मी घालवला. ते असं झालं.

दोन वर्षांपूर्वी कोठीतली चार नंबरची डिस्क खोकायला लागली. युनूसभाईंनी ओट्यावर सगळ्यांदेखत जाहीर केलं, "चार नंबर चालली. बाकीच्या पाच ठणठणीत हायेत, घाबरायचं काम नाही." नवी डिस्क कुरिअरनं मागवली, कारण गुडघ्यांमुळे आता एसटी जमत नव्हती. ती यायच्या आत त्यांच्या मुलीकडून, बीबी गावाहून, सांगावा आला आणि ते नातवाच्या अकीक्याला, म्हणजे बारशाला, गेले. घराची किल्ली माझ्याकडे. "डिस्क आली त ठेवून द्या. मी आल्यावर बदलू. तुमी हात नका लावू."

डिस्क दुसऱ्याच दिवशी आली. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसून सगळं पाहिलं होतं. वाटलं, ते येतील तेव्हा काम झालेलं असेल, खूश होतील. खरं सांगायचं तर हेही वाटलं की मलाही येतं, हे त्यांनी बघावं. कोठी उघडली, डावीकडून एक, दोन, तीन, चार मोजलं आणि चौथी ओढली.

युनूसभाईंच्या घरी पंगतीला वाढायला उजवीकडून सुरुवात होते. दस्तरखानावर उजव्या हाताच्या माणसापासून ताट पुढे जातं. त्यांनी डिस्काही तशाच बसवल्या होत्या. एक नंबर सगळ्यात उजवी. त्या घरी ईदेला मी पन्नासदा जेवलो आहे आणि प्रत्येक वेळी वाढप उजवीकडून आलं आहे. मी ओढली ती त्यांची तीन नंबर होती, ठणठणीत.

पेटी किंचाळायला लागली. मी घाबरून ती डिस्क परत आत ढकलली, पाच-सात मिनिटांनी आवाज थांबला, मी दार लावून घरी आलो. पेटीनं मात्र त्या डिस्कला नवी समजून तिच्यावर सगळं पुन्हा लिहायला घेतलं आणि त्यासाठी बाकीच्या पाचजणींकडून रात्रंदिवस वाचून घेतलं. त्या पाचांत ती खोकणारीही होती. तिला ही मेहनत झेपली नाही. ती गेली, तीन नंबर अर्धवट राहिली, घर बसलं.

युनूसभाई आले, त्यांनी सहाही डिस्कांना पेचकस लावला. मी दारात उभा होतो. ते हळूच म्हणाले, "तीन नंबर त चांगली होती, गुरुजी."

"मशीन आहे," मी म्हणालो. "सांगता येत नाही."

चार महिने खपून त्यांनी बरंच परत मिळवलं, पण चाळीसेक लग्नं कायमची गेली. वानखडेनं चहाच्या टपरीवर मलाच साक्षीला घेतलं. "गुरुजी, तुमी त तिथंच असता. एकच आजारी हाये असंच म्हनले होते ना चाचा?"

"हो, असंच म्हणाले होते," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा होता.

"मंग दोन कशा काय गेल्या? बुढ्याचा कान गेला, दुसरं काय!"

टपरी हसली. मी कपातला चहा संपवला. चाळीस वर्षं मी वर्गात खिडकीची काच कुणी फोडली ते पोरांच्या चेहऱ्यावरून ओळखत आलो. त्या दिवशी माझा चेहरा कुणीच बघितला नाही.

लोक आपापली लग्नं पेन ड्राइव्हमध्ये भरून घेऊन गेले. युनूसभाई प्रत्येकाला काढून देत होते, बसा म्हणत होते, कुणी बसत नव्हतं. ओटा रिकामा झाला. मी मात्र रोज संध्याकाळी न चुकता जाऊ लागलो, पूर्वी जायचो त्यापेक्षा जास्त. भाजी नेऊन दे, गोळ्या आणून दे, बँकेत सोबत जा. सांगायचं म्हणून जायचो आणि न सांगता परत यायचो.

गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी एकजण डिस्क घेऊन आला. युनूसभाईंनी धावपळ करून पंखा बंद केला, दाढेखाली मूठ धरली, बराच वेळ ऐकलं. "महिनाभर काढते. आजच उतरवून घ्या सगळं." तो माणूस हसला. "पाहतो चाचा. वानखडेले दाखवतो एकदा." आणि निघून गेला. युनूसभाई आतून तीन कप घेऊन येईपर्यंत तो कोपऱ्यावर पोचलासुद्धा.

युनूसभाईंनी तिसरा कप माझ्याच कपात ओतायला घेतला. मला राहवलं नाही.

"युनूसभाई, ती तीन नंबर मी काढली होती."

"हाव," ते ओतता ओतता म्हणाले. "दहा वाजून बारा मिनिटाले. दहा तेराले परत लावली."

मी भरलेला कप ओट्यावर ठेवला.

"पेटी सगळं लिहून ठेवते, गुरुजी. कधी काढली, कधी लावली, कोनत्या खान्यातली. आलो त्याच दिवशी कागदावर काढून वाचलं म्या. अन् किल्ली कोनापाशी होती?"

किल्ली माझ्याकडे, नवी डिस्क माझ्याकडे, आणि दोन वर्षं मला वाटत होतं की त्यांना कळलेलं नाही.

"मंग बोलले काऊन नाही तुमी?" मी विचारलं. " सारं गाव हसलं तुमच्यावर! त्या वानखडेले नुसता कागद दाखवला असता तरी..."

"दाखवला असता," ते म्हणाले. "मंग तुमी आले असते का दुसऱ्या दिवशी?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"लोक त गेलेच होते, गुरुजी," युनूसभाई म्हणाले. "एक राह्यला होता. त्यालेही मीच काढू काय?"

म्हणून हे लिहून देतो आहे. आजारी होती ती उजवीकडून चौथी. मी काढली ती डावीकडून चौथी. युनूसभाईंचं निदान बरोबर होतं आणि त्यांचा कान शाबूत आहे. ज्यांनी आपापली लग्नं उचलून नेली त्यांनी ती परत आणून ठेवावीत. फक्त येताना घाईत येऊ नये, थोडी सवड काढून यावं.