साळवे सरांचा डबा आन् माझे पत्रे

आमच्या वडीगोद्रीत सोयरीक जमत आली, की पोरीकडचे लोक गावातल्या चार शहाण्या माणसांना विचारून घेतात. पोरगा कसा हाये, पितो का, सासू कशी हाये. एका घरानं मोठ्या हौसेनं साळवे सरांना विचारलं. सर रिटायर मास्तर, जन्मभर विज्ञान शिकवलेलं, खोटं बोलायची सवय न्हाई. सरांनी पोराला पाच-दहा मिनिटं न्याहाळलं, दोन प्रश्न केले आन् निकाल देऊन टाकला. "एकास तीन हाये. चालंल, पण गरम होईल."

पोरीचा बाप गोंधळला. त्याला वाटलं पोराला तीनच एकर हाये. सर म्हणले, "एकराचं न्हाई हो. आपण पाठवतो त्यातलं परत किती येतं, ते बघायचं असतं."

त्या घरानं पुढं सरांना पत्रिका दिली, जेवायला बसवलं, पण विचारलं काहीच न्हाई.

मी मंगल. सरांच्या भिंतीला भिंत लागून माझी पिठाची गिरणी हाये. पंधरा वर्षं झाली ह्या माणसाच्या शेजारी राहून राह्यले, म्हणून मला ह्यातलं थोडंफार कळतं. सर हौशी रेडिओवाले हायेत. म्हंजे आपल्यावानी रेडिओ नुसता ऐकत न्हाईत, रेडिओवरून बोलतात. सरकारची परीक्षा देऊन तसा कागद मिळवलाय. खिडकीतून एक उघडी तांब्याची तार निघती, ती थेट माझ्या गिरणीच्या पत्र्यावरच्या लोखंडी खांबाला बांधलेली. आता झालंय असं, की रेडिओचं आन् तारेचं आपापसात जमत न्हाई. जमलं न्हाई की रेडिओनं पाठवलेलं तारेतून उलटं फिरतं आन् रेडिओच्याच अंगावर येतं, आन् तो तापतो. म्हणून दोघांच्या मधी एक डबा बसतो. त्याचं नाव ट्यूनर. सोयरीक जमवणारा मध्यस्थच म्हणा ना! जमलं किती, ते आकड्यात कळतं: एकास एक म्हंजे पक्कं, एकास तीन म्हंजे कसंबसं.

आधीचा डबा हातानं फिरवायचा होता. दोन बटणं इकडून तिकडं फिरवत सर अर्धा अर्धा तास बसायचे. मंग कुठूनतरी त्यांनी आपोआप चालणारा मागवला. तो आला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मला वाटलं नातू झाला. सर म्हणले, "त्याच्याहून शहाणा हाये. ह्याला काही शिकवावं लागत न्हाई."

मला घरात नेऊन दाखवलं. एक बटण दाबलं. आत नुसती खडखडखड, डब्यात मूठभर तुरी टाकून हलवल्यावानी. मंग एकदम गप. आन् हिरवा दिवा. सर डोळे मिटून म्हणले, "एकास एक. सगळं गेलं, परत काही न्हाई. ह्याला म्हणतात संसार!"

मी म्हणलं, "सर, संसारात सगळंच परत येतं."

तेव्हापासून ह्या माणसाला त्या हिरव्या दिव्याचं याडच लागलं. हायवेवर एका पुढाऱ्याची सभा झाली. दोन तास भाषण. सर उठून म्हणले, "गेलं शंभर, परत आलं नव्वद." डॉक्टरनं गुडघ्याला गोळ्या दिल्या, त्यालाबी विचारलं, "ह्यातलं परत किती येतं?" त्यानं गोळ्या बदलून दिल्या. एकदा एक हवालदार ती तार बघून चौकशीला आल्ता. सरांनी कागद दाखवला, पाच मिनिटांत काम झालं. पण जाता जाता त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे चालतं कसं हो?" अडीच तासांनी तो बाहेर आला तवा टोपी हातात होती. मला म्हणला, "बाई, पाणी असंल तर द्या." पुन्हा तो आमच्या गल्लीत दिसला न्हाई.

माझं आन् सरांचं भांडण मोटरीवरून. माझ्या गिरणीची मोटर चालू झाली, की त्यांच्या रेडिओत म्हणे घर्रर्र आवाज येतो आन् दुसरं काही ऐकू येत न्हाई. एक दिवस रीतसर अर्ज घेऊन आले. 'सकाळी सात ते साडेसात मोटर बंद ठेवावी, ही नम्र विनंती.' खाली सही, तारीख. मी म्हणलं, "सर, तुमची माणसं हवेतली. माझी जमिनीवरची हायेत, त्यांना सकाळी भाकरी लागती." पण सुमनताई, म्हंजे सरांच्या मंडळी, मागं उभ्या राहून हात जोडत होत्या, "ऐक गं बाई, न्हाईतर दिवसभर माझ्याशी मोटर मोटर करतील." त्यांच्याकडं बघून मी सात ते साडेसात बंद ठेवायला लागले.

हे सगळं कुणासाठी? तर रायचूरच्या बाशाभाईसाठी. हा बाशाभाई घड्याळं दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली, रोज सकाळी सात वाजता दोघं हवेत भेटतात. एकमेकांचं तोंड बघितलेलं न्हाई. मला वाटायचं एवढं काय बोलत असतील! एकदा खिडकीशी उभं राहून ऐकलं.

"मास्टर साब, आवाज कैसा आरा?"

"बराबर आ रहा भाई. उधर धूप है?"

"हौ, धूप है. उधर?"

"इधर बी धूप."

झालं! ह्याच्यासाठी माझी मोटर बंद आन् बाहेर जवारीचे डबे घेऊन सात बाया उभ्या!

चार वर्षांमागं सुमनताई गेल्या. पोरगी लग्न होऊन लांब. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आन् दुसऱ्या दिवशी सात वाजता खिडकीतून आवाज आला, "हौ, धूप है." मला राग आला होता तवा. म्हणलं, काय माणूस हाये, बायको जाऊन आठवडा न्हाई आन् ह्याला ऊन सुचतंय.

आता खरी गोष्ट सांगते, आन् ती सांगताना अजून मला लाज वाटती.

उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या गिरणीचे दोन पत्रे सडले म्हणून बदलायला काढले. त्याच दिवशी सरांनी मला सुनावलं होतं, की मोटर सात एकोणतीसला चालू झाली. एक मिनिट! मी आधीच तापलेली. वर पत्रेवाला ओरडला, "काकू, ही तार आडवी येऊन राह्यली." मी खालूनच म्हणलं, "काढ आन् ठेव बाजूला." त्यानं काढली, नव्या पत्र्यावर टाकली आन् उडू नये म्हणून वर वीट ठेवली. नंतर बांधू म्हणलं आन् साफ इसरले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता खडखड झाली. सरांनी हाका मारल्या. बाशाभाई आला न्हाई.

सर म्हणले, "सूर्याचं काहीतरी बिघडलंय. त्याच्यावर वादळ उठलं की हवेतून आवाज पोचत न्हाई." तिसऱ्या दिवशी खिडकीतून मला विचारलं, "मंगलताई, वर तार ठीक हाये ना?" गुडघ्यामुळं त्यांना जिना चढता येत न्हाई. मी दळणात होते. मान वर न करता म्हणलं, "हाये, हाये." सर म्हणले, "असणारच. हिरवा दिवा लागून राह्यलाय. एकास एक."

पाचव्या दिवशी सूर्याचं नाव बंद झालं. आठव्या दिवशी सात वाजता मी नेहमीसारखी मोटर बंद करून बसले, तर सर खिडकीत आले आन् म्हणले, "चालू करा मंगलताई. लोकं खोळंबलीत. आता काही हरकत न्हाई."

पंधरा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हातातलं तसंच टाकून त्यांच्या घरात गेले. सर अंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले. चहा पुढं गार झालेला. रेडिओ बंद.

"सर, बाशाभाईचा फोन नंबर न्हाई का तुमच्याकडं?"

हे लोक एकमेकांना आपल्या नावाचं कार्ड पोस्टानं पाठवतात. सरांनी पुस्तकातून बाशाभाईचं कार्ड काढलं. मागं निळ्या शाईनं नंबर.

"मंग लावा ना! आठ दिवस काय बसून राह्यलात?"

"फोनवर काय, कुणीबी बोलतं," सर म्हणले. "हवेत भेटायचं, असं ठरलंय आमचं."

मी चिडलेच. "तिकडं माणूस आजारी असंल, पडला असंल, आन् तुम्हाला ठरलेलं सुचतंय? आणा तो नंबर, मी लावते!"

सरांनी कार्ड छातीशी धरलं. लहान लेकरू पाटी धरतं तसं. आन् मंग हळू आवाजात बोलले, "सुमन जालन्याला दवाखान्यात होती. मी कपडे न्यायला घरी आल्तो. कपाट उघडलं, कोणती साडी आणू म्हणून तिला फोन लावला. उचलला नर्सनं. फोनचं असंच असतं मंगलताई. दुसऱ्यानं उचलला, की संपलं. जोवर मी लावत न्हाई तोवर बाशा हाये."

ज्या माणसाला मी चार वर्षं मनात नावं ठेवली, त्याच्या पुढ्यात उभी होते. गप घरी आले, मोटरीजवळ बसले, आन् बसवेना. दुपारी मिरच्या वाळत टाकाव्यात म्हणून शिडी लावून वर गेले. नव्या पत्र्यावर वीट. विटेखाली तार.

बघितलं आन् माझं मलाच थोबाडीत मारावं वाटलं. खाली उतरले ती तडक सरांपुढं. "सर, तार मी काढायला लावली. बांधायची राह्यली. तुम्ही विचारलं तवा न बघता हाये म्हणलं. मला काय बोलायचं ते बोला."

सर माझ्याकडं बघत राह्यले. मंग ट्यूनरकडं. मंग पुन्हा माझ्याकडं.

"म्हंजे आठ दिवस," ते म्हणले, "मी तुमच्या पत्र्यांवर बोलून राह्यलो?"

"हो सर."

"आन् हा गधडा म्हणतो एकास एक?" त्यांनी डब्याला एक टप्पल मारली. "ह्यानं तुमच्या पत्र्यांशी सोयरीक जमवली हो! तार कुठं चालली, हे बघायचं माझं काम होतं. दिवा हिरवा दिसला, आन् मी बघायचं सोडलं." आन् इतके हसले, की डोळ्याला पाणी आलं. हसण्याचं का कशाचं, ते मी विचारलं न्हाई.

तार मी स्वतः बांधली, दोनदा ओढून बघितली. पण खरी परीक्षा पुढंच होती. तार बांधली म्हंजे बाशाभाई हाये असं थोडंच? आठ दिवस तो बोलत होता आन् आपल्याला ऐकू आलं न्हाई, का बोलतच नव्हता, हे कुणाला माहीत!

सकाळी पावणेसातलाच मी गेले. सात वाजले. सरांचा हात ट्यूनरच्या बटणापर्यंत गेला आन् तिथंच थांबला. "तुम्ही दाबा," म्हणले. मी दाबलं. खडखडखड. ह्या वेळी लई वेळ चालली. हिरवा दिवा. सरांनी दिव्याकडं बघितलंच न्हाई, खिडकीतून वर तारेकडं बघितलं, आन् माईक हातात घेतला.

एकदा हाक मारली. नुसती खरखर. दुसऱ्यांदा मारली. खरखर. तिसऱ्यांदा मारताना सरांचा आवाज फाटला. मी मनात जेवढे देव येतात तेवढ्यांना सांगून ठेवलं.

"...साब? मास्टर साब? आप हैं?"

सर खुर्चीतून अर्धे उठलेच! "हूँ भाई, हूँ! आवाज आ रहा! बराबर आ रहा!"

"किधर थे आप? आठ दिन से पुकार पुकार के गला सूख गया मेरा."

"मेरी गलती है भाई. दिवा देखा, तार नहीं देखी." माझं नाव घेतलं न्हाई. मी बाजूलाच उभी होते, तरी घेतलं न्हाई.

मंग सरांनी विचारलं, "भाई, कार्ड पे मेरा फोन नंबर है ना आपके पास?"

"हौ, है. जेब में लेको फिरा आठ दिन."

"फिर लगाया नहीं?"

खरखर. लई वेळ नुसती खरखर. मला वाटलं गेला पुन्हा. मंग बारीक आवाज आला.

"घर में आप अकेले रहते ना, मास्टर साब. मैं लगाता, घंटी बजती रहती... और कोई उठाताच नै, तो?"

सरांनी माईकचं बटण दाबलं, पण तोंडातून शब्द निघंना. तिकडं रायचूरला तो बिचारा कान देऊन बसलेला, आन् इकडून जाऊन राह्यली नुसती शांतता. मला काही राहवलं न्हाई. मी सरांच्या खांद्यावरून वाकले आन् त्या माईकमधी जोरात ओरडले, "ओ बाशाभाई! मैं मंगल, बाजूवाली गिरणीवाली! तुम घंटी बजाव! ये नै उठाया तो मैं उठाती! दिवाल को दिवाल लगेली है हमारी!"

"मंगलताई," सर म्हणले, "हवेत असं मधीच बोलायचं नसतं." पण बटण त्यांनी दाबूनच धरलं होतं, आन् माईक थोडा माझ्याकडं सरकवला होता.