हिंचलिफच्या ताटांची फेड

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, मार्चचा तिसरा रविवार. थंडी पुरती गेली नव्हती, पण भिंतीच्या कडेला डॅफोडिलची पिवळी फुलं वर आली होती. दिवस पक्का लक्षात आहे. आदल्या रात्री, दर वर्षीप्रमाणे, सगळ्या देशाला आपापली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे करायची होती, आणि त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा बीफ भाजलं.

मी लोहार. तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि भट्टीवर उभा राहिलो, तो म्हातारा होऊनच खाली उतरलो. घरात बीफ भाजायचं काम बायकोचं, नेलीचं. ते टेबलावर आलं की कापायचं काम माझं. आमच्या यॉर्कशरमध्ये घरोघरी असंच चालतं. बाई सकाळभर राबते, पुरुष पाच मिनिटं सुरी चालवतो आणि शाबासकी घेतो. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

पण मागच्या शरद ऋतूत नेलीला पित्ताशयाच्या खड्यांसाठी इस्पितळात ठेवलं. पहिल्या रविवारी मी पाव आणि चीज घेऊन बसलो होतो. तेवढ्यात मागच्या भिंतीवर शेजारच्या सिरिल हिंचलिफची टोपी दिसली. टोपीमागून एक ताट आलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं.

"घे. निवेल," एवढंच बोलून तो गेला.

आत बीफचे काप, बटाटे, कोबी, आणि त्याच्या बायकोनं, डोरानं केलेलं पुडिंग. नेली घरी येईपर्यंत दर रविवारी हे झालं. मी ताटं घासूनपुसून भिंतीवर ठेवायचो. ताटं परत जायची, जेवण परत जात नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला हे टोचतं. आयुष्यात कुणाचा हातोडासुद्धा मी रात्रभर ठेवून घेतला नव्हता.

नेली बरी झाली तेव्हा म्हणाली की ती डोराला केक करून देईल, म्हणजे झालं. मी सांगितलं की ताटं मी खाल्लीत, तर फेडही मीच करणार. त्या दोघांना रविवारी एक वाजता जेवायला बोलव. बीफ मी भाजेन.

"तू?" नेली म्हणाली.

"भट्टीच ती. लहान."

माझ्या अटी दोनच होत्या. तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आणि रेडिओ लावायचा नाही. काम चालू असताना मला बडबड चालत नाही. नेलीनं दोन्ही मान्य केल्या. इतक्या पटकन मान्य केल्या की मला जरा संशयच आला.

घड्याळ पुढे करणं हेही घरात माझंच काम. शनिवारी रात्री नेली झोपल्यावर मी स्टुलावर चढलो आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा काटा एक तास पुढे केला. घरात घड्याळ ते एकच. (मनगटाचं मी कधी घातलं नाही. भट्टीपुढे ती जगत नाहीत.)

सकाळी नेलीनं चहा केला आणि ठरल्याप्रमाणे विणकाम घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. मी बाह्या सरसावल्या. बरगडीचा तुकडा होता, हाडासकट, वरती बोटभर चरबी. खाटकाकडून मी तो बोटानं दाबूनच घेतला होता. मीठ चोळलं, ओव्हन कडक तापवला, मांस आत सरकवलं, दार लावलं.

आणि मग मला प्रश्न पडला, की आत काय चाललं असेल?

तुम्ही हसाल. पण इतकी वर्षं मी बीफ खाल्लं आणि ते होताना एकदाही पाहिलं नव्हतं. मी दार उघडलं. चरबी पांढरी होती ती काचेसारखी झाली होती आणि बारीक आवाज करत होती. दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. लोखंड आगीत जातं तेव्हा काळ्याचं लाल होतं. हे लालाचं काळपट होत होतं. लोखंड तापलं की वाढतं, हे आक्रसत होतं आणि हाड उघडं पडत होतं. सगळा व्यवहार उलटा. मी खाली बसून पाहतच राहिलो. माझे गुडघे वाजले, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"हर्बर्ट, दार लाव."

"लावलेलंच आहे."

"बिजागरीचा आवाज ओळखते मी."

आता आतून शिजलंय की नाही हे कसं कळणार? वरून कळत नाही, आणि कापून पाहिलं तर पाहुण्यांपुढे काय ठेवणार? मी बाहेर गेलो आणि नेलीकडे विणायची एक सुई मागितली. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. निळ्या लोकरीच्या टोपलीतली एक सुई काढून दिली. सुई मी मधोमध खुपसली, काढली, ओठाला लावून पाहिली. ओठ भाजला. म्हणजे आतही ताप पोचला होता.

साडेअकराला चर्चची घंटा वाजायला लागली. ती साडेदहाला वाजते. मी नेलीला ओरडून सांगितलं की घंटा वाजवणारा गडी घड्याळ पुढे करायला विसरला, असल्या माणसांच्या हातात चर्च दिलंय. नेली म्हणाली की विसरतात माणसं. तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, पण मला पुडिंग करायचं होतं.

आमचं पुडिंग गोड नसतं. पीठ, अंडी, दूध फेटायचं आणि मांसाच्या कडकडीत चरबीत ओतायचं. ते फुगून उभं राहतं आणि मांसाच्या आधी ग्रेव्हीबरोबर वाढतात. फुगलं नाही तर त्या घराला लोक नावं ठेवतात. पहिला घाणा फुगताना पाहावा म्हणून मी दार उघडलं. तो माझ्या डोळ्यांदेखत बसला.

"उघडलंस," बाहेरून आवाज.

दुसऱ्या घाण्याला मी ओव्हनकडे पाठ करून उभा राहिलो. तो टोपीएवढा फुगला.

एक वाजला. टेबल मांडलेलं, बीफ तबकात, ग्रेव्ही वाफाळलेली. मी शर्टाला रविवारची कॉलर लावली. हिंचलिफ नाही. पाच मिनिटं गेली, तरी नाही. मी वरच्या मजल्यावर जाऊन खिडकीतून पाहिलं. सिरिल हिंचलिफ फाटकी पँट घालून मागच्या बागेत बटाट्याचे वाफे खणत होता. डोरा त्यांच्या दारात आली होती, डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या गुंडाळलेल्या. तिनं त्याला काही सांगितलं, तो हसला आणि पुन्हा खणायला लागला.

मी खाली आलो. नेली म्हणाली की जाऊन विचार. मी नाही म्हटलं. बोलावलेल्या माणसाला पुन्हा हाक मारणाऱ्यांपैकी मी नव्हे. मला सगळं उमगलं होतं. त्याला फेड नकोच होती. आयुष्यभर भिंतीपलीकडून माझ्याकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, याला मी जेवू घातलंय.

"तुझं डोकं फिरलंय," नेली म्हणाली.

मी सुरी घेतली आणि बीफ कापलं. कडेला काळं, मध्ये गुलाबी. चांगलं झालं होतं. रागातही ते मला कळलं. आम्ही दोघं जेवलो. मग मी दोन ताटं भरली. काप, बटाटे, गाजरं, पुडिंग. प्रत्येक ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि कॉलर लावलेल्या अवस्थेत बागेतून भिंतीपाशी गेलो.

"घे. निवेल," मी म्हणालो.

सिरिलनं फावडं मातीत रोवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग ताटांकडे पाहिलं.

"हे काय रे?"

"तुझं देणं. तू आला नाहीस, म्हणून मी आणलं."

"आम्ही एक वाजता यायचं होतं ना?"

"दीड वाजलाय."

त्यानं मातीचा हात पँटला पुसला आणि खिशातलं घड्याळ काढलं. बराच वेळ पाहिलं. मग ते माझ्या तोंडापुढे धरलं. साडेबारा.

"तू मागे करायचंच विसरलास का पुढे," मी म्हणालो. मला वाक्यसुद्धा धड सुचेना.

"मी रेडिओवरच्या वेळेला लावलंय, हर्बर्ट." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "अजून अर्धा तास आहे. तोवर हे धरून उभा राहणार आहेस का?"

त्यानं ताटं घेतली आणि आत गेला. मी घरी आलो. मागचं दार उघडंच होतं, नेलीनं सगळं ऐकलं होतं. ती स्टुलावर उभी होती, हात घड्याळाच्या काट्यावर.

"तू काल रात्री लावलंस," ती म्हणाली.

"मीच लावतो. दर वर्षी."

"दर वर्षी तू खुर्चीत झोपतोस. सकाळी चहाच्या आधी मी लावते. लग्न झाल्यापासून. आजही लावलं." तिनं काटा एक तास मागे घेतला. "यंदा तुला आठवेल असं मला कसं वाटावं?"

म्हणजे इतकी वर्षं दर वसंतात मी सकाळी घड्याळाकडे पाहून स्वतःची पाठ थोपटत होतो.

बरोबर एक वाजता दार वाजलं. सिरिल सूट घालून, डोराचे केस कुरळे झालेले, आणि दोघांच्या हातात आपापलं ताट. डोरानं ती तिच्या ओव्हनमध्ये गरम ठेवली होती. ती दोघं आमच्या टेबलाला बसली. मी आणि नेली समोर बसलो, पुढ्यात काही नाही.

सिरिलनं काट्यानं पुडिंग उचलून पाहिलं. ते पोळीसारखं लोंबलं.

"फुगलं होतं का?"

"बारा वाजता चांगलं फुगलं होतं," मी म्हणालो.

डोरानं नेलीकडे पाहिलं आणि दोघी एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मला एकच धास्ती होती. बीफ माझं, पण शेवटी ते त्यांच्या ओव्हनमधून, त्यांच्याच हातानं आलं होतं. सिरिल सावकाश जेवत होता. मध्येच थांबून त्यानं दातांतून एक निळा लोकरीचा धागा ओढून काढला, ताटाच्या कडेला नीट सरळ ठेवला आणि पुढे जेवला. शेवटच्या बटाट्यानं ग्रेव्ही पुसली. सुरी आणि काटा शेजारी शेजारी ठेवले.

"फिटलं?" मी विचारलं.

"फिटलं," सिरिल म्हणाला.

मी उठून त्याचं ताट घासायला घेतलं.