ढोकांसाठी काढलेला फोटो

दत्ताजीराव खराडे आमच्या घरी कधी सरळ आले नाहीत. वाडीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा मातकट हिरवा फेटा दिसला की माझी बायको चहाचं आधण ठेवायची, आणि ते दारात पोचेपर्यंत अर्धं पाणी आटून जायचं. ते आधी समोरच्या भिंतीकडे जात, तिथे उगाच काहीतरी न्याहाळत उभे राहत, मग आमच्या ओट्याकडे पाठ करून हळूहळू मागे सरकत. "अहो, या की सरळ!" मी ओरडलो की बोट ओठांवर. "धीमे, भाऊ, धीमे. सरळ चालत गेलं की जीव बिचकतो." आम्ही काही बिचकत नव्हतो. पण उभं आयुष्य पाखरांच्या मागे काढलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

ते फोटोग्राफर होते. आजोबा सरकारी पागेत, वडील पागेत, आणि यांनी घोड्याऐवजी लाकडी पेटीचा कॅमेरा घेतला. लहरीपुऱ्यात दुकान होतं, पण गिऱ्हाईक शोधावं लागे. त्याला कारणही तसंच होतं. त्या काळी फोटोने आयुष्य कमी होतं अशी धास्ती असायची, म्हणून बहुतेकांचा फोटो निघायचा तो मेल्यावरच. माणूस गेला की घरचे फोटोग्राफरकडे धावत, आणि गेलेल्याला खुर्चीत बसवून, पागोटं घालून शेवटची आठवण काढून घेत. दुसरं मोठं काम शिकारीचं, मेलेल्या जनावरावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या साहेबलोकांचं. दत्ताजीराव या दोन्हींना साफ नकार देत. "मेलेल्याचा काढत नाही." पुढे एक अक्षर नाही. मग एका सराफाने युक्ती केली आणि वडील अंथरुणाला खिळले असतानाच यांना बोलावलं. यांनी म्हाताऱ्याला इतकं हसवलं की तो उठून बसला, आणि पुढे कितीतरी वर्षं पेढीवर बसून मुलाला शिव्या देत राहिला. सराफ भेटला की दत्ताजीरावांकडे रागाने बघायचा.

मग ते फोटो काढत कुणाचे? मांजलपूर गावाच्या अलीकडे एक तळं होतं. काठावर आणि थेट पाण्यातही जुन्या बाभळी होत्या आणि पावसाळा सरत आला की त्यांच्यावर ढोक घरटी करत. पिवळ्या लांब चोचीचे, पंखांवर गुलाबी झाक असलेले मोठे देखणे पक्षी. दत्ताजीराव कमरभर पाण्यात तिवई रोवून, डोक्यावर काळं कापड घेऊन तासन्‌तास उभे राहत. एकदा एका म्हशीने खुंट समजून त्यांना अंग घासलं. ते हलले नाहीत, कारण ढोक बिचकले असते. म्हैस मनसोक्त घासून गेली.

त्याच बाभळी तोडून वीटभट्ट्यांना द्यायचा कागद एक दिवस आमच्या कचेरीत आला. मी तिथे कारकून होतो. साहेबांची सही तेवढी राहिली होती. मी ते दत्ताजीरावांना सांगितलं.

"पिल्लांना अजून उडता येत नाही, भाऊ. झाडं पडली की सगळी पाण्यात."

"मग काय करायचं?"

"साहेबांनी ती पाहिलीच नाहीत ना. पाहिली की सही करणार नाहीत."

फोटोवर त्यांचा असा भाबडा विश्वास होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. त्यांनी आपला सगळ्यात चांगला फोटो निवडला. भर उन्हात एक ढोक घरट्यात पंख पसरून उभा आहे आणि त्या सावलीत पिल्लं बसली आहेत. शिसवी चौकट करून तो साहेबांना दिला. साहेब खूश झाले, त्यांनी तो बंगल्याच्या दिवाणखान्यात लावला.

काही दिवसांनी बाभळींबद्दल विचारायला आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. साहेबांचे वडील, आजोबा, चुलते अशा चौकटी ओळीने होत्या आणि शेवटी आमचा ढोक. सगळ्यांना झेंडूचे ताजे हार. ढोकाच्या काचेवर गंधसुद्धा. आपल्याकडे भिंतीवर चौकट लागली की माणूस गेला असंच धरून चालतात. साहेबांच्या आईंनी कुणाला काही विचारलंच नव्हतं. मुलाने लावलाय म्हणजे मान द्यावा असंच कुणीतरी असणार.

मी हसू दाबत होतो. दत्ताजीराव मात्र तडक भिंतीपाशी गेले आणि त्यांनी ढोकाचा हार ओढून काढला.

"जिवंत आहेत हो ते! या घडीला तळ्यावर जिवंत आहेत!"

आईसाहेब कपाळाला हात लावून आत गेल्या. देवाधर्माची वेळ, त्यात वाडवडिलांच्या ओळीतला हार तोडलेला. साहेबांचा चेहरा उतरला, मग कठीण झाला.

"फोटो छान काढता तुम्ही," ते म्हणाले. "आमचाही काढा. बिबळ्या मारलाय, उद्या सकाळी बंगल्यावर येतोय. तो फोटो झाला की तुमच्या बाभळींचं बघतो."

परतताना मी म्हणालो, "नका काढू. मी समजावतो साहेबांना."

"तुम्ही कारकून, भाऊ. तुमचं कोण ऐकतो?"

हे खरंच होतं. थोडं पुढे गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले. आपल्या बायकोबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"फार घाबरायची कॅमेऱ्याला. मी हौसेने पेटी घेऊन समोर गेलो की पदर तोंडावर घेऊन चुलीपाशी पळायची. आतून हसू ऐकू यायचं. मग तापात गेली. काका म्हणाले, आता तरी एक काढ. काढला. बिलकुल हलली नाही ना, त्यामुळे असा स्वच्छ आला..." ते थांबले. "आता तिला आठवायला गेलो की तोच चेहरा येतो, भाऊ. हसणारी येतच नाही."

आम्ही तसेच चालत राहिलो.

सकाळी ते कॅमेरा घेऊन निघाले. तिवई मी उचलली. अंगणात बिबळ्या ठेवला होता. उग्र दिसावा म्हणून नोकरांनी त्याच्या जबड्यात काडी अडकवली होती. साहेब बंदूक घेऊन तयार होते. दत्ताजीरावांनी आधी ती काडी काढली. "साहेब, पाय खाली घ्या, सावली पडते." सावली कुठेच नव्हती, पण साहेबांनी पाय घेतला. मग ते खाली बसले, बिबळ्याच्या अंगातली कुसळं एकेक करून वेचली, फेट्याच्या सोग्याने त्याचं तोंड पुसलं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि फोटो काढला.

साहेब शब्दाला जागले. पुढे तो कागद सहीशिवाय परत गेला.

त्या सकाळी दत्ताजीराव बंगल्यावरून दुकानात गेले नाहीत. माझ्याबरोबर आमच्या घरी आले आणि ओट्याखालीच थांबले. पायरी चढेनात.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "पाणी दारातच द्या. गार चालेल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. असं दारात अंघोळीचं पाणी आमच्यात मागतात ते स्मशानातून आल्यावर. समोरच्या ओसरीवरून आमच्या गुजराती शेजारीण मणिबेन धावत आल्या. "हाय हाय! कोण गुजरी गयुं, भाई?"

"नाव ठाऊक नाही, बेन," दत्ताजीराव म्हणाले. "पण पोचवून आलो."

ते दारातल्या दगडावर अंगावरच्या कपड्यांनिशी बसले. बायकोने डोक्यावरून घागर ओतली. मी तिवई भिंतीला टेकवली आणि तसाच त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बायको माझ्यासाठी दुसरी घागर भरायला आत गेली.