तंदुरुस्तानचा नमुना नागरिक

मास्तरांना एक देश बनवायचा होता, आणि तोही जेवणाच्या सुट्टीत.

आरोग्य खात्यात नव्याने लागलेल्या पोरापोरींना ते शिकवायचे, की माणूस आजारी पडायच्या आधीच सरकारने काय काय करावं. खऱ्या देशावर सराव केला तर माणसं मरतात, म्हणून खोटा देश. नाव ठेवलं तंदुरुस्तान. मास्तरांनी नद्या काढल्या, डोंगर काढले, राजधानीला गटारंसुद्धा दिली. राहिला फक्त एक नमुना नागरिक. तो मनाने रचायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी स्वतःचीच माहिती टाकली. वय, पोटाचा घेर, रक्तदाब, जेवताना वरून मीठ, पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट. (खोटं कशाला बोला!)

पोरं कामाला लागली. आठवड्याने त्यांच्यातल्या एका चष्मेवालीने निकाल सांगितला.

“सर, शाळांना मैदानं देऊ, मिठावर कर लावू. देश वाचतो.”

“आणि तो नागरिक?”

“तो जातो.”

“कुठे?”

“वर, सर.”

कोणी हसलं नाही. मास्तरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

“अहो, त्याच्यासाठी काहीतरी करा की!”

“आपला खर्च रोग व्हायच्या आधीचा, सर. याचं ‘आधी’ कधीच संपलं.”

“आणि उद्यापासून तो चालायला लागला तर?”

आता मात्र वर्ग खो-खो हसला. “चालतोय कसला! लिफ्ट बंद असली की रजा टाकतो, सर. तुम्हीच लिहिलंय.”

मास्तर घरी आले ते जोडे न काढताच खुर्चीत बसले.

“तंदुरुस्तानातला एक माणूस जाणार आहे,” ते बायकोला म्हणाले.

“ओळखीचा?”

“जवळचा.”

बायकोने वय विचारलं, मग पोटाचा घेर विचारला. मग मिठाची बरणी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

“अगं, एवढ्या वर?”

“चढा, व्यायाम होईल. आणि माळा तेवढा लवकर आवरून टाका. नंतर मला एकटीला नाही जमायचं.”

दुसऱ्या दिवशी मास्तर जिन्याने गेले. वर्गात पोचेपर्यंत भात्यासारखा श्वास चालला होता.

“नवी माहिती! नागरिक... जिना... चढतो!”

“दिलेले आकडे बदलायचे नाहीत, सर. तुमचाच नियम,” चष्मेवाली म्हणाली. “पण त्याला अगदीच वाया नाही घालवणार आम्ही. इशाऱ्याच्या पोस्टरवर लावू. फक्त फोटोसाठी तसा दिसणारा कोणीतरी हवा...”

सगळा वर्ग मास्तरांकडे बघायला लागला.

पोस्टर लिफ्टशेजारी लागलं. खाली ठळक अक्षरात, ‘याची वेळ गेली. तुमची अजून आहे.’ ते काढून टाकावं असं मास्तरांच्या फार मनात होतं, पण त्यासाठी स्टुलावर चढावं लागलं असतं.

एक प्रत त्यांनी घरी नेली. बायकोने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती कौतुकाने म्हणाली,

“छान आलाय हो फोटो! एक मोठा करून ठेवा. ऐन वेळी धावपळीत चांगला सापडत नाही.”