काचेमागच्या गुड्रूनबाई

जर्मनीत, आमच्या श्वाबिया प्रांतातल्या गावात खेळण्यातल्या आगगाड्यांचा कारखाना होता. एका सोमवारी तो चीनला गेला. कारखाना बंद झालेला नसून 'ग्राहकाच्या अधिक जवळ' गेला आहे, असं व्यवस्थापनाने फलकावर लिहिलं. ग्राहक सगळे इथेच राहत होते. हा तपशील फलकावर मावला नाही.

इंजिनांवर लाल रेघ ओढणाऱ्या गुड्रून हेफेले त्या दिवशी लवकर घरी आल्या. मसूर चुलीवर टाकून खिडकीत उभ्या राहिल्या, आणि मसूर करपल्यावरच भानावर आल्या.

मग तिकडून इंजिनं आली. रेघ किंचित वाकडी. तिथे रेघ ओढणाऱ्या मुलीला एका इंजिनामागे गुड्रूनबाईंच्या शिंकेइतका वेळ मिळतो, याची चौकशी कोणी केली नाही. गाड्या जमवणाऱ्या हौशी मंडळाचे अध्यक्ष एगोन क्राउटर भिंगातून बघून कडाडले, "हे इंजिन आहे की भोपळा? आम्हाला गुड्रूनबाईंचा हात पाहिजे!" मंडळाने मोर्चा काढला.

कंपनीने मागणी शब्दशः मान्य केली. रिकाम्या कारखान्यात काचेची खोली बांधली, 'जिवंत वारसा' अशी पाटी लावली, आत गुड्रूनबाईंना बसवलं आणि बाहेर तिकीट ठेवलं. मात्र गावातलं उत्पादन अधिकृतपणे थांबलेलं असल्याने तिथे काही तयार होणं नियमबाह्य ठरलं असतं. म्हणून दिवसभर रेघ ओढायची आणि संध्याकाळी थिनरने पुसायची.

"पण साहेब, पुसायची कशाला?" गुड्रूनबाईंनी व्यवस्थापकांना विचारलं.

"बाई, तुम्ही आता कामगार नाही. देखावा आहात."

एगोनराव पहिल्याच दिवशी काचेला नाक लावून रडले. ते बघून गुड्रूनबाईंनाही भरून आलं. हौशी लोक असे जीव टाकतात, तर आपल्या घरी बसलेल्या मैत्रिणींचं काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं. साहेबांच्या खनपटीला बसून त्यांनी कबूल करून घेतलं, की पुरेशा मागण्या आल्या तर हातची इंजिनं विकायची आणि मैत्रिणींना परत कामावर घ्यायचं. किंमत अर्थातच थोडी चढी.

एकही मागणी आली नाही. एगोनराव मात्र आले. त्यांच्या काखेत नवं, तिकडचं इंजिन होतं.

"अहो, तुम्ही तरी?"

"भावना वेगळी, खिसा वेगळा, बाई. एकाच्या पैशात दोन आली! आता तेवढी रेघ सरळ करून द्या ना. तुमच्या तर डाव्या हातचा मळ."

गुड्रूनबाईंनी कुंचला आपटला. "मोर्च्यात गळा काढता आणि खरेदीला हात आखडता? माझ्या मैत्रिणी घरी बसल्या, तिकडे ती पोरगी मान मोडून रेघा ओढतेय, आणि तुम्हाला दिसतो तो फक्त रेघेचा वाकडेपणा! आधी आरशात बघा!"

काचेबाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या एगोनरावांच्या. "वा! किती खरं वाटलं!"

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत नवी ओळ आली : 'दुपारी, कामगाराचा संताप.'

"आणि मला राग नाही आला तर?" गुड्रूनबाईंनी विचारलं.

"येईल," साहेब म्हणाले. "एगोनरावांना रोजचा पास दिलाय."

राग येतो. रोज येतो, आणि खराच येतो. त्या वेळची तिकिटं हातोहात संपतात. तुम्हालाही वाचताना मौज वाटली असेल, तर आधी नोंदणी करा. पुढची रांग मात्र मिळणार नाही. ती हळहळणाऱ्यांनी वर्षभरासाठी धरून ठेवली आहे.