उमाशंकररावांनी धरलेलं

नळदुर्गच्या एका शाळेत कारकून असलेल्या उमाशंकररावांच्या शर्टाचं पोटावरचं बटण भर प्रार्थनेत तुटलं आणि टुणकन उडून मुख्याध्यापकांच्या पायाशी जाऊन पडलं. राष्ट्रगीत चालू होतं म्हणून कुणाला हसता आलं नाही, एवढीच काय ती देवाची कृपा. बटण उचलायला वाकावं, तर त्याच्या खालचं तुटायची भीती. त्याच संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर एका काटकुळ्या माणसाचं भाषण ऐकलं आणि घरात घोषणा केली.

"चन्नम्मा, आजपासून मी एकदाच जेवणार. दुपारी. तब्येतीला चांगलं असतंय."

चन्नम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "एकदाच म्हंजे? सकाळी बसून रातच्याला उठणार का?"

उमाशंकररावांनी हा टोमणा गिळला. (त्या दिवसाचं ते शेवटचं गिळणं.)

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मधल्या सुट्टीत ते घरी येत आणि असे जेवत, की रात्रीचं जेवण बंद झालंय असं कुणी म्हणू नये. ते फक्त दुपारी हलवलं होतं. खरे हाल संध्याकाळी. चन्नम्मानं खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटायला घेतली की ते दारात घुटमळत आणि विचारत, "मीठ बघू का?" मीठ बघणं जेवणात धरतात की नाही, हे त्या काटकुळ्या माणसानं सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते रोज, अगदी बारकाईनं, वाटीभर मीठ बघत.

एकदा संध्याकाळी शेजारच्या गजराबाई ताक मागायला आल्या. "भाऊ, रातच्याला जेवत न्हाय म्हणं तुमी. काय धरलंय?"

आता पोट कमी करायचंय, हे बाईमाणसाला कसं सांगणार? उमाशंकरराव छताकडे बघत म्हणाले, "हाय मनात एक."

झालं! आपल्याकडे धडधाकट माणूस उगाच एक वेळचं जेवण सोडत नाही. पोरीचं लग्न, कोर्टातला निकाल, भवानीआईला बोललेला नवस, काहीतरी असतंच. उमाशंकररावांनी काय धरलं असावं, यावर गल्लीत चर्चा सुरू झाली. आणि गल्लीला उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही.

कारण चन्नम्माचे थोरले भाऊ बसवेश अण्णा आणि उमाशंकरराव यांचं बोलणं बंद होतं. अण्णांच्या नव्या घराच्या कार्यक्रमात धाकट्या जावयाला आधी फेटा बांधला गेला आणि थोरले जावई उमाशंकरराव भरल्या मांडवातून न जेवता उठून आले. (अख्ख्या आयुष्यात ते न जेवता उठले ते एकदाच, आणि तेही नको तिथे.) तेव्हापासून चन्नम्माचं माहेर तुटलं. वहिनीशी चोरून फोन होई, तेवढाच. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. ह्यांना शेत नाही. अण्णांच्या शेतात जायचे. आता दोघं घरीच बसत. रस्त्यानं ताकातल्या आंबिलीची मडकी डोक्यावर घेऊन बाया निघाल्या की चन्नम्मा खिडकीचं दार ओढून घेई. उमाशंकररावांना ते दिसे, वाईटही वाटे. पण आपण होऊन कसं जाणार? फेट्याचा प्रश्न होता.

यंदा येळवशीच्या आदल्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. बसवेश अण्णा! मिशा मोठ्या, पण डोळे भरलेले. आत येऊन त्यांनी उमाशंकररावांचे दोन्ही हात धरले.

"दाजी, आमच्यापायी उपाशी ऱ्हायलाव व्हय? मी बोलंस्तवर एक येळ जेवायचं धरलंय, आन मला येवढ्या उशिरा कळतंय!"

उमाशंकरराव गडबडले. "अण्णा, तसं न्हाय, मी आपलं ते बटण..."

तेवढ्यात त्यांची नजर चन्नम्माकडे गेली. ती पदर तोंडाला लावून भावाकडे बघत होती, आणि इतकी सुखानं रडत होती, की उमाशंकररावांच्या घशात बटण अडकलं.

"...जाऊ द्या अण्णा," ते म्हणाले. "झालं ते झालं."

दुसऱ्या दिवशी शेतात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा झाली आणि अण्णांनी सगळ्यांच्या आधी उमाशंकररावांना फेटा बांधला. मग जेवणं. सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, आंबिल. वहिनी वाढताना त्यांच्या पोटाकडे बघून हळहळल्या, "किती सोसलं वो दाजी," आणि आणखी वाढत गेल्या. शेजारच्या शेतातलेही ओढून नेत होते. "नवस फिटला, आता मोप खावा!" उमाशंकरराव खात होते, पण आतून लाजेनं अर्धे झाले होते. (फक्त आतून.)

घरी आल्यावर त्यांना राहवलं नाही. "चन्नम्मा, मी अण्णांना फसवलं गं. ते सगळं मी पोटासाठी करत होतो."

"मला ठाव न्हाय व्हय?" चन्नम्मा फेट्याची घडी घालत होती. "वहिनीला फोन म्याच केला. अण्णांसाठी धरलंय म्हणून सांगितलं."

उमाशंकरराव मोठ्यानं हसले. इतक्या दिवसांनी बायकोच्या तोंडावर असा उजेड बघून त्यांना फार बरं वाटलं.

"आता आसं करा," ती म्हणाली, "तेर गावचे माझे मामा बी आपल्यासंगं बोलत न्हाईत. सोमवारपासून त्येंच्यासाठी धरा. पण ह्या टायमाला मीठ बघणं बंद. फोन झाल्यावर अण्णांनी तुमाला बाजारात लांबून बघितलं, तर त्येंला पटंनाच. उपाशी माणसाचं पोट आसं आसतंय का म्हणले वहिनीला."

"मग?"

"मग काय? अशक्तपणानं सूज आलीया म्हणून सांगावं लागलं मला."